डॉक्टरांनी पॅथी सोडली. चालू गोळ्यांचं काय? (खान्देश / आरोग्य)

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. आपल्याकडे धुळे-जळगाव पट्ट्यात अधूनमधून ऐकू येतं की अमुक फिजिशियन 'वळले'. वर्षानुवर्षं ॲलोपॅथी केली आणि एक दिवस ओपीडीचा बोर्ड उतरवून 'समग्र उपचार व ध्यान केंद्र' असा नवा चढवला. ज्याने त्याने वळावं, त्याबद्दल तक्रार नाही. श्रद्धा की अंधश्रद्धा यावर धागे ढिगाने पडलेत, तो वाद इथे नको. मला कामाचं हवंय. अशा डॉक्टरकडे बीपी-शुगरची औषधं चालू असलेल्या पेशंटने काय करायचं? कोणती गोळी थांबली की किती दिवसांत काय होतं? डॉक्टरला कायद्याने काय चालतं, काय नाही? आणि नव्या उपचारांतलं खरोखर कामाचं काय? माहितगारांनी लिहावं. 'माझ्या मावशीला गुण आला' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

अरुणावती
गोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं महिनाभर थांबू शकतं, हे नाही.

सगळ्यात घाईचं इन्सुलिन. टाइप १ मधुमेहात ते बंद केलं की एक-दोन दिवसांत कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं): उलट्या, पोटदुखी, धाप, ग्लानी. इथे पर्यायी उपचार हा शब्दच लागू नाही.

दुसरं स्टिरॉइड. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी तीन आठवड्यांपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन चाललं असेल तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. एकदम थांबवलं की बीपी कोसळतं, साखर उतरते, माणूस गळून जातो. ते पायरीपायरीने उतरवायचं, आणि शेवटच्या ५ मिग्रॅखाली तर फारच सावकाश.

तिसरं, हृदयाच्या रुग्णांतले बीटा-ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल). झटक्यात सोडले तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत छातीत दुखणं उसळतं, झटकाही येऊ शकतो. क्लोनिडीन (बीपीची गोळी) त्याहून तापट, दोन-तीन दिवसांतच बीपी मूळच्याही वर जातं. स्टेंट टाकलेल्यांनी गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर मधेच सोडलं तर स्टेंटमध्येच गुठळी होते. झटक्यानंतरच्या स्टेंटला साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या (ॲस्पिरिन अधिक दुसरी) असतात. हृदयात धातूची झडप असेल तर रक्त पातळ करणारं ॲसिनोकुमॅरॉल जन्मभर. फिट्सच्या गोळ्या बंद केल्यावर येणारी फिट थांबतच नाही अशी वेळ येते. टीबीचा कोर्स अर्धवट सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या बाकीच्यांनाही तसलाच टीबी लागतो.

डॉक्टर कोणत्याही पॅथीचा असो, ही यादी त्याच्या टेबलाच्या काचेखाली हवी.

केयीबाग
मग लोक म्हणतात ना, 'मी तं महिन्यापासून गोया बंद करी टाक्यात, काहीच व्हयनं नाही.' ते कसं काय भो?

अरुणावती
@केयीबाग, त्यातच तर सगळी गोम आहे. थायरॉइडच्या गोळीचं अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचं. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काहीच कळत नाही, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) खरा किती झाला ते कळायला सहा ते आठ आठवडे जातात. बीपीचं ॲम्लोडिपिन रक्तातून उतरायलाच आठवडा घेतं. बरं, बीपी १७० झालं तरी डोकं दुखेलच असं नाही. साखर २५० वर असूनही माणूस कापूस वेचत असतो. त्याच काळात नवा काढा किंवा ध्यान सुरू झालेलं असतं, म्हणून श्रेय त्याला जातं.

म्हणून 'बरं वाटतंय' ही मोजणी धरायची नाही. बीपी घरी मोजायचं: पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, पट्टा दंडाच्या मापाचा. लहान पट्ट्याने जाड दंडावर बीपी उगाच जास्त दिसतं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक-दोन मिनिटं. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर म्हणजे जास्तच. साखरेला एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), दर तीन महिन्यांनी.

नियमावली
कायद्याचं लिहितो. गोळ्या-औषधांचं अरुणावतींनी मांडलंय, त्यात हात घालत नाही.

महाराष्ट्रात एमबीबीएस-एमडीची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट. पॅथी 'सोडली' म्हणून ही नोंद आपोआप जात नाही, आणि नोंद आहे तोवर २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे नियम लागू. त्यात स्पष्ट आहे की शास्त्रीय आधार असलेल्याच उपचारपद्धती वापरायच्या. घटक माहीत नसलेलं गुप्त औषध द्यायचं नाही, त्याची भलामणही करायची नाही. पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायचं नाही. जाहिरात करायची नाही. भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे.

आता दुसरी बाजू. एमडी (मेडिसिन) झालेल्याने आयुर्वेदिक प्रॅक्टिस करावी का? त्यासाठी त्या पद्धतीची मान्य पदवी आणि त्या रजिस्टरमध्ये नाव लागतं. बीएएमएस, बीएचएमएस दोन्ही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे. चार रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, त्याने अधिकार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पूनम वर्मा प्रकरणात होमिओपॅथने ॲलोपॅथी औषधं दिल्याबद्दल सांगितलं होतं की ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्यात प्रॅक्टिस करणारा भोंदू ठरतो. तर्क दोन्ही दिशांना सारखाच लागतो.

योग शिकवायला मात्र अशी अट नाही. आयुषच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा ऐच्छिक आहे. दिलेली चांगलीच.

जाहिरातीचं पुन्हा: १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, फेफरं, पक्षाघात वगैरे ५४ आजार आहेत. 'मधुमेह मुळापासून बरा' असा फ्लेक्स चौकात लावला की तो या कायद्यात बसतो. मग लावणारा एमडी असो की बाबा.

रसवंती वैद्य
धाग्याचा सूर बघता आयुर्वेद म्हणजे ढिलं काम असा समज होईल म्हणून लिहिते. खरी अडचण उलटी आहे. आमच्याकडे नियम इतके आहेत की वळून आलेले डॉक्टर ते वाचतच नाहीत.

साधं विरेचन (औषधाने जुलाब करवून पोट साफ करणं) घ्या. आधी तीन ते पाच दिवस दीपन-पाचन (भूक आणि पचन सुधारणारी औषधं). मग औषधी तुपाचं स्नेहपान, रोज चढत्या मात्रेने, तीन ते सात दिवस. सुरुवात ३० मिली आसपास, पुढे पचनावर बघून. स्निग्धतेची लक्षणं दिसली की थांबायचं, ठरलेली मात्रा पूर्ण करायची म्हणून ओढायचं नाही. नंतर तीन दिवस अभ्यंग-स्वेदन (तेल चोळणं आणि शेक), आणि मग विरेचनाचं औषध, बहुधा त्रिवृत लेह. त्यानंतर संसर्जन: पेया, विलेपी, यूष (पातळ पेज, घट्ट पेज, कढण) असं तीन ते सात दिवसांत हळूहळू जेवणावर आणायचं. चुकतं ते शेवटी. जुलाब थांबले म्हणून पेशंट दुसऱ्या दिवशी शेवभाजी ओरपतो आणि मग आठवडाभर पोट धरून बसतो.

ऋतू बघायचा. वमन (उलटी करवणं) वसंतात, विरेचन शरदात, बस्ती (औषधी एनिमा) वर्षात. जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना 'डिटॉक्स शिबिर' भरवणाऱ्याने कोणता ग्रंथ वाचला ते त्यालाच माहीत. हृदयविकार, गर्भारपण, फार अशक्तपणा यांत वमन नको. आणि जो पेशंट लघवीच्या गोळ्या घेतो त्याला विरेचन दिलं तर सोडियम-पोटॅशियम दोन्ही घसरतात.

अजून एक. जुलाबाच्या दिवशी पोटात घेतलेली गोळी अंगी लागेलच याची खात्री नसते. फिट्सची आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांचं शोधन (वमन-विरेचनासारखी शुद्धी) त्यांच्या फिजिशियनला विचारल्याशिवाय करूच नये.

अरुणावती
@रसवंती वैद्य, नेमकं लिहिलंत. एक जोड देतो. शुगरच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं (डापा, एम्पा), त्यांच्यासोबत उपास किंवा शोधन केलं तर साखर २०० च्या आत दिसूनही कीटोॲसिडोसिस होतो. ग्लुकोमीटर बघून डॉक्टरही फसतो. किमान तीन दिवस आधी थांबवायच्या, जेवण पूर्ववत झाल्यावर सुरू. ग्लिमेपिराइड (शुगरची दुसरी गोळी) घेणाऱ्याने जेवण कमी केलं तर साखर खाली जाते, घाम-थरथर-भ्रम. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा उतरत नाही, पण उलट्या-जुलाबात तेही थांबवावं लागतं. नवरात्रातले नऊ दिवस कडक धरणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि 'फक्त फलाहार' या प्रकाराबद्दल केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-यावलकरांनी जास्त सांभाळावं. मध्यम केळ्यात साधारण ४०० मिग्रॅ पोटॅशियम असतं. दिवसाला आठ केळी आणि दोन नारळपाणी हा उपचार किडनी धडधाकट असलेल्याला चालून जाईल. पण किडनी अर्धी गेलेली, वर टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या) चालू, अशा माणसाचं पोटॅशियम या आहाराने इतकं चढतं की हृदयाचे ठोके बिघडतात. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम करा, मग काय ते फळ खा.

केयीबाग
केयीवर बी बंदी? आता खान्देश सोडावा लागीन.

मोसमनाका
वनस्पतींचं कोणी लिहिलं नाही. ज्येष्ठमध रोज चमचाभर महिनोन्महिने घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. लघवीच्या गोळीबरोबर तर जास्तच. कारल्याचा रस आणि ग्लिमेपिराइड यांची बेरीज होते. अश्वगंधा थायरॉइडच्या आकड्यांत ढवळाढवळ करते. गुळवेलीने काही जणांना, विशेषतः आधीच ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा) आजार असलेल्यांना, कावीळ झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या आहेत. दुधीचा रस कडू लागला तर घोटसुद्धा घेऊ नका. त्यातलं कुकर्बिटासिन आतडं सोलतं, रक्ताच्या उलट्या होतात.

बिननावाच्या पुड्या आणखी वाईट. सांधेदुखीवर 'दोन दिवसांत गुण' देणाऱ्या चूर्णात डेक्सामेथासोन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडतं. खूण: भूक अचानक वाढते, चेहरा गोल होतो, साखर चढते आणि पुडी सोडली की माणूस उठत नाही. अशा वेळी वर अरुणावतींनी स्टिरॉइडबद्दल लिहिलंय तेच करायचं: पुडी डॉक्टरला दाखवा, एकदम थांबवू नका. भस्म असेल तर परवानाधारक कंपनीचं, बॅच नंबर असलेलं. पोटात कळा, रक्त कमी, बद्धकोष्ठ असं एकत्र दिसलं तर रक्तातलं शिसं तपासा.

बोरीकाठ
अमळनेरकर या नात्याने एक जुना दाखला. लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेचे स्वामी कुवलयानंद डॉक्टर नव्हते, ते आपल्या अमळनेरात खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते. नर्मदाकाठी माळसरला माधवदासजींकडे ते योग शिकले. पण त्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी उड्डियान आणि नौली (पोट आत ओढण्याच्या, घुसळण्याच्या योगक्रिया) करणाऱ्यांचे एक्स-रे काढले, आतड्यातला दाब मोजला. नौलीत मोठ्या आतड्यात निर्वात तयार होतो, म्हणून पाणी वर ओढलं जातं, हे मोजून दाखवलं आणि गुरूचं नाव त्याला दिलं. १९२४ ला लोणावळ्यात कैवल्यधाम आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' त्रैमासिक.

हे अशासाठी लिहिलं की योगाकडे वळणाऱ्या डॉक्टरला बीपीचं मशीन अडगळीत टाकायची गरज नाही. डॉक्टर नसलेला माणूस मशीन घेऊन योगाकडे गेला होता. डॉक्टरने मशीन टाकून जावं हे मला तरी कळत नाही.

योगातलं प्रत्यक्ष कामाचं म्हणजे संथ श्वास. मिनिटाला सहा: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकाने, पोट हललं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. चक्कर आली म्हणजे श्वास जास्त खोल घेताय. खोल नको, हळू हवा. बीपी यातून थोडं उतरतं. गोळीची मात्रा बदलायची की नाही हे सात दिवसांच्या वहीवरून ठरवायचं, शिबिराच्या शेवटच्या दिवसावरून नाही.

काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन बंद. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. हर्निया, गर्भारपण, फिट्स, बेताल बीपी असताना कपालभाती-भस्त्रिका नको.

मोसमनाका
जलनेतीचंही सांगा, खान्देशातल्या धुळीत लोक फार करतात.

बोरीकाठ
अर्धा लिटर पाणी, सपाट एक लहान चमचा मीठ (सुमारे ५ ग्रॅम). पाणी उकळून कोमट केलेलं, बोअरचं किंवा टाकीचं थेट नाही. त्यात अमिबा असू शकतो आणि तो नाकातून मेंदूत जातो. नाक झोंबलं तर मीठ कमी किंवा जास्त पडलंय. झाल्यावर पुढे वाकून, डोकं दोन्ही बाजूंना वळवून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाच्या नळीत जातं आणि कान दुखतो. कान वाहत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर करू नये.

नर्मदे हर
अध्यात्माच्या बाजूने दोन शब्द. ऋषिकेशचे स्वामी शिवानंद मलायात डॉक्टर होते, १९२३ ला सगळं सोडून आले. पण लक्ष्मणझुल्याला त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालवला. यात्रेकरूला हगवण लागली तर औषध, जप नाही. दोन्ही एकाच माणसाने केलं.

ध्यान सगळ्यांना झेपतंच असं नाही. बायपोलर, स्किझोफ्रेनिया, जुना मानसिक आघात असणाऱ्याला लांब मौन शिबिरात झोप उडते, आवाज ऐकू येतात, भीतीचे झटके येतात. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना कोर्सचा अर्जसुद्धा मानसिक आजार आणि चालू औषधं विचारतो. लोक तिथे लपवतात. लिथियम किंवा झोपेची-मनाची गोळी सोडून शिबिराला बसणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. अशांना डोळे उघडे ठेवून, पाच-दहा मिनिटांचं, चालत केलेलं ध्यान बरं. तीन रात्री झोप आली नाही तर ध्यान थांबवून मानसोपचारतज्ज्ञ. 'कुंडलिनी जागी होतेय' म्हणत बसायचं नाही.

पांझराकाठ
एक प्रश्न राहिला. शिकलेसवरलेले डॉक्टर वळतात, त्यांना गुण दिसतो म्हणूनच ना?

अरुणावती
दिसतो, आणि तो सगळा खोटा नसतो. मेडिकल ओपीडीत पेशंटला तीन-चार मिनिटं मिळतात, नव्या केंद्रात तासभर. तासभर ऐकून घेतल्यावर झोप, चिंता, ॲसिडिटी, अंगदुखी, आकड्यांपलीकडचं बरंच काही सुधारतं. तंबाखू सुटते, तेल कमी होतं. हा फायदा खरा आहे, आणि तो गोळ्या चालू ठेवूनही मिळतो.

बाकीचा गुण मोजणीतल्या फसगतीचा. माणूस त्रास शिगेला पोचल्यावर दाखवायला येतो. शिगेला पोचलेला त्रास बहुधा आपोआप थोडा उतरतोच. ज्याला गुण आला नाही तो परत येत नाही, म्हणून डॉक्टरला तो दिसत नाही. होमिओपॅथीचे जनक हानेमान १७९० च्या सुमारास प्रचलित औषधोपचाराला विटून वळले. त्या काळी रक्त काढणं, पारा पाजणं हा राजमान्य उपचार होता, तेव्हा तो न करणाऱ्याचे पेशंट बरे राहिले यात नवल नाही. त्यांच्या औषधावरचं ३०सी म्हणजे मूळ द्रव्य १ वर ६० शून्यं इतक्या पटीने पातळ. १२सी च्या पुढे मूळ रेणू शिल्लक राहण्याची शक्यताच उरत नाही. तेव्हा गुण कुठून आला हे आता वेगळं शोधावं लागतं.

पडताळा सोपा आहे. वळलेल्या डॉक्टरने नव्या केंद्रात पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक पेशंट लिहावा, न परतलेल्यांनाही तीन महिन्यांनी फोन करावा, आणि आकडे ठेवावेत. फार थोडे करतात.

तोरणमाळ
नंदुरबारकडचं वेगळं. आमच्याकडे भगत आधीपासून आहे, त्यामुळे एमबीबीएसच 'झाडायला' लागला तर लोक दवाखान्यात यायचं थांबवतील. सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पोराचं हायड्रॉक्सीयुरिया, भरपूर पाणी आणि पेनिसिलिन थांबलं तर क्रायसिस (तीव्र वेदनेचा झटका) येतो, ताप आला की तासातासाला बिघडतं. तिथे जडीबुटीची वाट बघू नये.

साप चावला तर कायदाही स्पष्ट आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. पीएचसीत स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय, सिरम सुरू, मोठ्याला आणि लहानाला सारखंच, सुरुवातीला साधारण १० कुप्या. चावा घेतलेली जागा कापू नका, आवळू नका, हात-पाय लाकडाला बांधून स्थिर ठेवा.

केयीबाग
आणि उनपदेवचं गरम पाणी? अडावदला मधुमेहवाले पाय बुडवून बसतात.

अरुणावती
@केयीबाग, खाज, अंगदुखीला चालेल. मधुमेहाने पाय बधिर असतील तर नको. भाजलेलं कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो, महिन्याने बोट कापायची वेळ. आधी कोपराने, किंवा ज्याला संवेदना आहे अशा माणसाच्या हाताने पाणी बघा. बधिर पायांनी बाहेरूनच नमस्कार.

नियमावली
@पांझराकाठ, मूळ प्रश्न: पेशंटने काय करायचं. केंद्र बदलल्याचं कळलं की आठवडाभरात जुन्या कागदांची प्रत मागा: निदान, औषधांची नावं आणि मात्रा, शेवटचा ईसीजी, क्रिएटिनिन, एचबीए१सी, ॲलर्जी. डॉक्टरकडून एका पानाचं पत्र घ्या, पुढे कोणत्या फिजिशियनकडे जायचं ते त्यात हवं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या मेडिसिन ओपीडीतही चालतं. मधल्या काळात गोळ्या संपू देऊ नका. नव्या उपचाराला जायचं असेल तर दोन्ही ठिकाणी दोन्ही औषधांची यादी दाखवा, आणि कोणी 'आजपासून सगळं बंद' म्हणालं तर ते वाक्य लेटरहेडवर, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह लिहून मागा.

रसवंती वैद्य
लिहून मागितलं की निम्म्या ठिकाणी गोळ्या तिथेच परत सुरू होतात.